पैठणच्या घाटावरून समुद्राकडं

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नाथसागर काठच्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच मैत्रिणींनी ते लिहून मागितलं, म्हणून इथं छापत आहोत. बोलण्यातले शब्द होते तसेच ठेवले आहेत.)



मला सांगितलं होतं, "मासेमारी करणाऱ्या बायकांच्या गटाबद्दल दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, बोलते, पण सुरुवात जरा लांबून करते. मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मी नुसतं म्हणाले की आपण पाण्यावरची माणसं, आपला बी दर्यावर्दी इतिहास हाय. तर एक मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "अगं, आपल्याकडं प्यायला टँकर येतो, अन् तू दर्या कुठून काढलास?"

मावशींचं खरं आहे. आपल्या जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. पण आपल्या जिल्ह्यात जहाजं आहेत. कुठं ते सांगते.

लेण्यांतली जहाजं

अजिंठा आपण सहलीला बघतो. गाईड पद्मपाणी दाखवतो आणि आपण पुढं जातो. पुढच्या वेळी 2 नंबरच्या लेण्यात जाल तेव्हा जहाजाचं चित्र कुठं आहे ते विचारा. तीन डोलकाठ्या, त्यांवर शिडं, आणि जहाजात ओळीनं ठेवलेले रांजण. दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे. ही गोष्ट पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. तो शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या वसईजवळच्या नालासोपाऱ्याचा. पूर्णाची आई त्या घरातली दासी होती. पुढं तो मोठा व्यापारी झाला आणि नंतर बुद्धाचा भिक्षू. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रात गेला, वादळात सापडला, आणि त्यानं पूर्णाचा धावा केला, अशी ती कथा. 17 नंबरच्या लेण्यातही सिंहल व्यापाऱ्याच्या कथेत जहाज आहे.

आता दुसरं ठिकाण, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली आपल्या शहराची लेणी. तिथं 7 नंबरच्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती कोरली आहे. भोवती आठ संकटं दाखवली आहेत, आणि प्रत्येक संकटात माणसं हात जोडून त्याला हाक मारतात. आग, चोर, सिंह, साप, हत्ती, आणि त्यातच एक बुडतं जहाज.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचार केला, इथं डोंगरात, समुद्रापासून इतक्या लांब, बुडत्या जहाजाची भीती कुणाला होती? उत्तर सोपं आहे. ज्यांचा माल जहाजावर होता त्यांना, आणि ज्यांची माणसं जहाजावर होती त्यांना. ती माणसं ह्याच वाटेनं जात-येत होती.

पैठणचा माल

ही वाट पैठणची. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. साधारण 2000 वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत एक वही लिहिली. कुठल्या बंदरात काय मिळतं, वारा कधी फिरतो, धोका कुठं आहे, अशी कामाची माहिती. तिला "पेरिप्लस" म्हणतात. त्यानं स्वतःचं नाव लिहिलेलं नाही, पण पैठणचं नाव लिहिलं आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे पट्ट्या-पट्ट्यांचे दगड खूप येतात, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, असं तो लिहितो. आणि हा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांतून बंदरावर येतो, हेही लिहितो.

म्हणजे नीट ध्यानात घ्या. पैठणला काही समुद्री जहाज लागत नव्हतं. आपली गोदावरी पूर्वेला वाहत जाते, आणि हा माल पश्चिमेच्या बंदरांवर जायचा. भडोच, सोपारा, कल्याण. कल्याणला जायला जुन्नरजवळ नाणेघाट उतरावा लागायचा. तिथून जहाज, तांबडा समुद्र, आणि पुढं रोमच्या बाजारापर्यंत. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे. कुठं तेर, कुठं पाँपेई!

आता मला सांगा, ती मलमल कुठून आली? कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचं, सूत कातायचं. आपल्या घरात ह्यातलं किती काम बायांच्या हातचं होतं ते तुम्हाला माहीत आहे. व्यापाऱ्यानं बंदराचं नाव लिहिलं, कापडाचं नाव लिहिलं. सूत कुणी कातलं ते लिहिलं नाही. त्याला ते विचारायचं सुचलंच नसेल.

नागनिकेची वही

पण एका बाईनं लिहून ठेवलं. नाणेघाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं कारभार बघितला. त्या लेखात कुठल्या यज्ञात किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे नाणी, ह्याचे आकडे आहेत. आपल्या देशात कोरलेल्या सगळ्यांत जुन्या आकड्यांत ह्या आकड्यांची गणना होते.

आपण गटात काय लिहितो? बचत किती, कर्ज किती, व्याज किती, कुणी दिलं, कुणाला दिलं. म्हणजे नागनिकेनं तेच केलं. फक्त तिची वही दगडाची होती आणि चालत्या व्यापारी वाटेवर होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती बघत होता. 2000 वर्षं झाली, राज्य गेलं, राजधानी गेली, हिशेब राहिला. आपल्याकडच्या इतर लेण्यांतही दान देणाऱ्यांमध्ये बायांची नावं आहेत. कुणाची बायको, कुणाची आई, कुणी भिक्षुणी. ज्यांचं नाव कोरलं गेलं, त्या आपल्याला आज माहीत आहेत.

सांगड

आता राणीकडून आपल्या घाटावर येऊ. मी भोयाची लेक. आमची माणसं नदीवर मासे धरायची, पालख्या वाहायची, आणि पूर आला की माणसं पलीकडं न्यायची. पूल नव्हते तेव्हा नाथषष्ठीला आलेला वारकरी असो की माहेराला निघालेली सासुरवाशीण, नदी पार करायला भोईच लागायचा. होडी असली तर होडी, नाहीतर सांगड.

सांगड म्हणजे काय, नवीन पोरींना ठाऊक नसेल. सुकलेले पोकळ भोपळे दोरीनं एकमेकांना बांधायचे. त्यांच्या आधारानं माणूस पाण्यावर तरतं. आमची आजी सांगायची, "एक भोपळा धरशीन तर त्यो हातातून निसटतो. चार बांध, मंग बघ." आपण बोलताना म्हणतो ना, ह्याची-त्याची सांगड घातली? ती ही सांगड. बोलताना आपण रोज आमच्या भोयांचं अवजार वापरतो आणि आपल्याला ते माहीतही नसतं.

आजीला पैसे क्वचित मिळायचे. पार नेल्याबद्दल सुगीला धान्य मिळायचं. आजोबा होडी हाकायचे आणि आजी खळ्या-खळ्यावर जाऊन ते धान्य गोळा करायची. कुणी दिलं, कुणाचं राहिलं, सगळं तिच्या डोक्यात. लिहिता येत नव्हतं. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर साठ वर्षांचा हिशेब गेला.

नदीचा समुद्र झाला

मग धरण आलं. 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होणार होतं. जागा बदलून पैठणला आली, पण नाव जायकवाडीच राहिलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांब मातीचा बांध, 27 दरवाजे, आणि भरलं की सुमारे 350 चौरस किलोमीटर पाणी. त्याला आपण नाथांच्या नावानं नाथसागर म्हणतो.

सागर हे नाव नुसतं मोठेपणासाठी नाही, हे भोयाच्या बाईला विचारा. नदीवर वारा सुटला तरी काठ दिसतो. धरणात वारा सुटला की लाट उठते आणि काठ दिसत नाही. नदीच्या पाण्यात चालणारी आमची लहान जाळी तिथं कामाची राहिली नाहीत. मासळी बदलली. वाम, मरळ, शिंगटा होता, त्यात सोडलेल्या बियाण्याचे रोहू, कटला, मृगळ आले, मग चिलापी आली आणि सगळीकडं झाली. आमच्या माणसांनी चाळीस-पन्नास वर्षांत सगळं नव्यानं शिकून घेतलं. कुणी शिकवायला आलं नाही.

आणि गावं? शंभरावर गावांच्या जमिनीला धरणाची झळ लागली. कुणाची शेती गेली, कुणाचं अख्खं गाव गेलं. आजीचं माहेर पाण्याखाली गेलं. 2013 आणि 2016 च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेलं, तेव्हा कितीतरी ठिकाणी जुनी जोती, देवळाचे दगड उघडे पडले. आजी चिखलातून चालत गेली आणि एका जागी उभी राहिली. म्हणाली, "हितं चूल व्हती." तिथं काहीच नव्हतं. पण तिला जागा ठाऊक होती.

ज्यांना मोबदला मिळाला त्यांच्या नावावर सात-बारा होता. नदीचा सात-बारा नसतो. घाटाचा नसतो. होडीचा नसतो. पाण्यावर ज्यांचं पोट, त्यांनी काय गमावलं ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझी चूक

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

मी गटाची सचिव झाले तेव्हा सभासदांची माहिती भरायची होती. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. माझ्या आईच्या नावापुढं मी काय लिहिलं? "घरकाम." आई पहाटे तीनला उठायची, जाळ्यातली मासळी सोडवायची, मोठी-बारीक वेगळी करायची, बर्फात घालायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, दुपारी फाटलं जाळं विणत बसायची. आणि मी, तिची शिकलेली लेक, लिहिते "घरकाम." आमच्या गटात सात जणी असंच काम करणाऱ्या होत्या. सातही जणींपुढं मी तेच लिहिलं.

दोन वर्षांनी आम्ही जाळी आणि बर्फपेट्यांसाठी कर्जाचा प्रस्ताव केला. समोरच्या साहेबांनी यादी बघितली आणि म्हणाले, "ह्यात मच्छीमार कोण आहे?" मी काय बोलणार? अक्षर माझंच होतं.

तेवढ्यावर निभावलं. आमच्या शेजारच्या काकूंचं तसं झालं नाही. त्यांचे मालक वावटळीत तराफा उलटून गेले. वीस वर्षं मासे धरत होते, पण दुसऱ्याच्या नावावर. संस्थेच्या यादीत नाव नाही, विम्याच्या यादीत नाव नाही. काकू कागद घेऊन वर्षभर फिरल्या. सगळे म्हणायचे, वाईट झालं. पण तो माणूस मच्छीमार होता ह्याचा पुरावा त्यांच्याकडं नव्हता. हात बघा म्हणायचं का? हात तर जळून गेले होते.

पाणी कुणाचं

हे आजच का बोलायचं, तर पाण्यावर आता नवी कामं येत आहेत. नाथसागरावर तरंगत्या सौर पॅनेलचा प्रकल्प करायचं ठरलं. पैठणच्या कहार समाज पंच समितीनं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. सप्टेंबर 2024 मध्ये अर्ज फेटाळला गेला, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला. वीज नको असं मी म्हणत नाही. आपल्या घरात पंखा चालतो, गिरणी चालते. 1986 पासून इथं पक्षी अभयारण्य आहे, पक्षी नकोत असंही म्हणत नाही. पण पाण्याचं कुठलंही मोठं काम निघालं की पहिला प्रश्न येतो, ह्या पाण्यावर कुणाचं पोट आहे? तेव्हा यादी निघते. आणि यादीत बाई नसते. नवरा असला तर असतो. त्याच मासळीवर दोघांचे हात चालले तरी नाव एकाचं.

म्हणून मैत्रिणींनो, तक्रार करून झाली, आता काम सांगते.

पहिलं, आज घरी गेल्यावर आपल्या गटाची सभासद नोंदवही उघडा. "घरकाम" लिहिलेल्या प्रत्येक नावापुढं त्या बाईला विचारून खरा व्यवसाय लिहा. मासेविक्री, जाळं विणणं, मासळी सुकवणं, शेळीपालन, शेतमजुरी. बैठकीच्या इतिवृत्तात तसा ठराव घ्या आणि सह्या घ्या. अंगठा असेल तर अंगठा.

दुसरं, गावात मच्छीमार सहकारी संस्था असेल तर तिचे उपविधी मागून वाचा. सभासद कोण होऊ शकतं ते त्यात असतं. बाईनं अर्ज करू नये असं कुणी तोंडानं सांगितलं तर म्हणा, लेखी द्या.

तिसरं, किसान क्रेडिट कार्ड आता फक्त शेतकऱ्याला नाही. 2019 पासून मत्स्यव्यवसाय करणाऱ्यांनाही मिळतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनेत बचत गट आणि महिला गट स्पष्ट लिहिलेले आहेत. वेळेत फेड केली तर व्याज वर्षाला 4 टक्क्यांपर्यंत खाली येतं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं, इतरांना 40. त्याच योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू झाला तर 5 लाख रुपये आहेत. आपल्या राज्यानं एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. सध्याची मुदत आणि अटी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. एकटीनं नका जाऊ, चौघी मिळून जा. पण हे सगळं कुणाला मिळतं? जिचं नाव मच्छीमार म्हणून कागदावर आहे तिला.

चौथं काम बिनपैशाचं आहे, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांकडं जाऊन बसा. त्यांना पाच गोष्टी विचारा. जुनं गाव कुठं होतं आणि घाटाला काय म्हणायचे? नदी कशी पार करायचे? कुठली मासळी कुठल्या महिन्यात मिळायची? बायका काय काम करायच्या? धरण आलं तेव्हा काय गेलं आणि काय मिळालं? वहीत लिहा, तारीख घाला, सांगणाऱ्या आजीला विचारून तिचं नाव लिहा. दोन प्रती करा, एक ग्रामसंघाच्या कपाटात ठेवा. पैठणला बाळासाहेब पाटलांनी गोळा केलेल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. आपल्या पोरींना घेऊन तिथं जा. जुनं जपायचं म्हणजे काय, ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

आमच्या गटानं नोंदवही दुरुस्त केली. सात जणींपुढं आता "मासेमारी व मासेविक्री" आहे. आईला मी ते वाचून दाखवलं. ती जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळलं व्हय तुला?"

कळलं, उशिरा कळलं. पण आजीचा हिशेब गेला तसा आईचा जाऊ द्यायचा नाही एवढं ठरवलं आहे. आणि हे एका गटानं होत नाही. एक भोपळा निसटतो. आपण गट बांधले, गटांचे ग्रामसंघ बांधले, ग्रामसंघांचा हा महासंघ. ही आपली सांगडच आहे. तिच्या जोरावर आपण कर्जाचं पाणी ओलांडलं, आता नावाचं ओलांडू.

त्या हसणाऱ्या मावशी आज समोर बसल्यात. मावशी, पुढच्या रविवारी मी वही घेऊन तुमच्याकडं येणार आहे. चहा तेवढा टाकून ठेवा.